शून्य प्रतिक्रिया

"मावशी, इथे तर शून्य आहे," अंजली म्हणाली आणि तिने फोन ज्योत्स्नाच्या पोह्यांच्या बशीला टेकवून उभा केला.

शून्य कसं असेल? ज्योत्स्नाने चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा खाली आणला. बातमी तीच होती, काल संध्याकाळी तिच्याच डोळ्यांखालून गेलेली: 'आयर्न सल्तनत'चा तेविसावा ट्रेलर, घोडा, आग, काळं चिलखत घातलेला माणूस पाठमोरा. खाली शून्य प्रतिक्रिया. आणि काल तिने तिथे सात वाचल्या होत्या. त्यातली एक इतकी आवडली होती की रविवारी पोहे खायला येणाऱ्या भाचीला ती दाखवायची असं ठरवूनच ती झोपली होती. 'उंटवाडीचा उंट' या नावाने लिहिणाऱ्या कोणाचीतरी: तेविसावा ट्रेलर! आमच्या लग्नाचे एवढे फोटो नाहीत. तेवढ्या वेळात आवणीवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुमचा की-बोर्ड झिजला असता का? "काढून टाकली असेल कोणी," अंजली म्हणाली. "काढणारी मीच आहे ना," ज्योत्स्ना म्हणाली. हे वाक्य तिने सहा वर्षांत इतक्यांदा उच्चारलं होतं की त्यात काही गंमत उरली नव्हती. आज मात्र ते तोंडातून बाहेर पडलं आणि पोह्यातल्या मिरचीसारखं दाताखाली आलं.

काढणारी तीच. 'गेमगल्ली' नावाची मराठी साइट, व्हिडिओ गेमच्या बातम्यांची. नाशिक रोडला झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला, चार टेबलं. त्यातलं खिडकीजवळचं ज्योत्स्नाचं. तिने जन्मात एकही गेम खेळलेला नव्हता. आधी ती पत्रिका आणि दिवाळी अंक टाइप करायची. ते दुकान बंद पडलं आणि इथे माणूस हवा होता, वाचकांच्या प्रतिक्रिया चाळायला. शिव्या काढायच्या, जुगाराच्या जाहिराती काढायच्या, बाकीचं राहू द्यायचं. प्रत्येक वेळी एक खिडकी उघडते:

कारण निवडा.
शिवीगाळ. जाहिरात. विषयाला सोडून. इतर.

'इतर' तिने कधी निवडलं नव्हतं. ते कशासाठी ठेवलंय याचं तिला कुतूहल होतं, जसं लहानपणी घरातल्या गोदरेजच्या कपाटातल्या एका कायम बंद कप्प्याचं होतं. त्यात काही नव्हतं, पुढे कळलं. पण कळेपर्यंत किती काय काय होतं.

कचेरीला जायला रिक्षात बसल्यावरही ती त्या शून्याकडेच पाहत होती. आपल्याच फोनवर साइट तिने आजवर उघडलीच नव्हती. मिठाईच्या दुकानातला माणूस घरी पेढे नेत नाही तसं. तिने आता मागच्या बातम्या उघडल्या, बाविसावा ट्रेलर, एकविसावा, 'सल्तनतच्या नायकाचे बूट कसे बनले', 'सल्तनतच्या नायकाच्या घोड्याचं नाव ठरलं'. काही ठिकाणी दोन-चार प्रतिक्रिया होत्या, अंगठे, आगीची चित्रं. पण तिची माणसं कुठेच नव्हती. तिची माणसं असा शब्द तिच्या मनात आला आणि ती दचकली. उंटवाडीचा उंट. सातपूर सेकंड शिफ्ट. भागीबाईंचा नातू. 'नुसता गोरक्ष'. दोन वर्षं ती या लोकांना रोज वाचत होती. डबा खाताना वाचायची. पोळीचा घास हातात तसाच, आणि सातपूर सेकंड शिफ्ट म्हणतोय, कामावरून आलो, हात धुतले आणि पुन्हा आवणीच्या चिखलात घातले, बायको म्हणते डोकं फिरलंय.

आवणी हा एक गेम आहे, एवढं तिला त्यांच्याच बोलण्यातून कळलं होतं. भाताची रोपं उपटून दुसऱ्या खाचरात लावायची, ओळीने, वाकून. घाई केली की ओळ वाकडी होते. गुण नाहीत, शत्रू नाही, जिंकणं नाही. बनवणाऱ्याने त्याची फाइल एका लिंकवर ठेवलेली, ती लोक एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात; किती जणांकडे पोचली ते त्यालाही कळायला मार्ग नाही. ही सगळी माणसं रोज एकच मागत होती, या गेमबद्दल दोन ओळी लिहा. आणि साइट रोज घोड्याबद्दल लिहीत होती. त्यात ज्योत्स्नाला नवल वाटत नव्हतं. साइट चालवणाऱ्या यादव सरांना घोडा हवा होता, घोड्यावर लोक बोट दाबतात. तिला नवल वाटायचं ते वेगळंच. ही माणसं एकमेकांशी कधीच बोलत नव्हती. सातपूर सेकंड शिफ्टने श्रावणात विचारलं होतं, शेवटच्या खाचरात पाणी टिकतच नाही, काय करावं, तीन आठवडे अडकलोय. आणि दिवाळीच्या सुमाराला भागीबाईंचा नातू, त्याच पानावर, त्याच्या बरोब्बर खाली: सापडलं एकदाचं! बांधात खेकड्याचं बीळ आहे, चिखलाने बुजवलं की पाणी थांबतं, आजीला विचारलं तर तिने एका मिनिटात सांगितलं. पण त्याने वरच्याला उद्देशून एक अक्षर लिहिलं नाही. आणि वरचा पौषात पुन्हा विचारतोय, पाणी टिकत नाही. किती अहंकारी माणसं, असं ज्योत्स्ना पोळी चावताना म्हणायची. हातभर अंतरावर उत्तर पडलंय आणि एक वाकून देत नाही, दुसरा वाकून घेत नाही. की हीच रीत असेल गेमवाल्यांची? तिने एकदा शेजारच्या टेबलावर बातम्या लिहिणाऱ्या पायलला विचारलंही होतं. पायल म्हणाली, "मॅडम, गेमर लोक असेच, सगळे आपापल्या खोलीत." ते उत्तर तिला पटलं होतं.

सगळे आपापल्या खोलीत. रिक्षा सिग्नलला थांबली. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईच्या पिशवीतून कोथिंबीर बाहेर आली होती आणि ज्योत्स्ना तिच्या पानांकडे पाहता पाहता एकदम सरळ बसली.

राखाडी.

तिच्या पडद्यावर ही सगळी माणसं राखाडी अक्षरांत दिसायची. बाकीचे काळ्या.

(जुन्या रचनेत राखाडी म्हणजे नोंदणी न केलेला, पाहुणा वाचक. दोन वर्षांपूर्वी रचना बदलली. नव्यात राखाडी म्हणजे काय ते तिने विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? रंग तोच होता.)

कचेरीत पायल आधीच आली होती. संध्याकाळी सहाला 'आयर्न सल्तनत' बाजारात येणार म्हणून रविवार असून सगळ्यांना बोलावलेलं. साइटच्या माथ्यावर उलटं घड्याळ लावलं होतं, सात तास बावीस मिनिटं, एकवीस. "पायल, राखाडी म्हणजे काय गं आता?" पायलने कानातला इअरफोन काढला. "कुठलं राखाडी?" ज्योत्स्नाने पडदा दाखवला. पायल वाकली, वाचू लागली. तिचे ओठ हलत होते. "अय्या, हे तर थोपवलेले आहेत. हे फक्त तुम्हाला दिसतात. आणि ज्याने लिहिलं त्याला. त्याला मुद्दाम दिसू देतात, नाहीतर चिडून पुन्हा पुन्हा लिहितो ना. त्याला वाटतं लागलं, पण लागलेलं नसतं." मग ती हसली. "मॅडम, हा बघा काय म्हणतो, पायल नावाच्या ताईंना घोड्याची लीद कुठल्या कंपनीची ते विचारा, त्यावरही बातमी होईल, आवणीवर मात्र नाही. हा कोण गधडा?" "उंट," ज्योत्स्ना म्हणाली.

थोपवलेल्यांचं एक वेगळं पान होतं. ते आपोआप भरायचं, शिव्यांची आणि जुगाराची एक यादी होती, त्यातला शब्द आला की प्रतिक्रिया तिकडे. तिथे कोणी जायचं नसतं, जसं कोणी गटार उघडून पाहत नाही. तिने पाहिलं. शिव्या आणि जुगार सोडून अकराशे त्रेचाळीस. मग तिने शब्दांची यादी उघडली. घाणेरडे शब्द ओळीने, त्यांच्या मधोमध, धुतलेल्या तांब्यासारखा स्वच्छ बसलेला, 'आवणी'. पुढे तारीख, दोन वर्षांपूर्वीचा एक मंगळवार. पुढे कोणी घातला त्याची खूण. ज्यो.

तो मंगळवार तिला आठवेना. मग आठवला. सकाळपासून कोणीतरी पहिल्याच ट्रेलरखाली एकच ओळ चाळीसदा टाकत होतं, आवणी खेळून बघा, आवणी खेळून बघा. चाळीसदा म्हणजे जाहिरात. तिने शब्द अडवला, संध्याकाळपर्यंत, असं मनात म्हणून. यंत्राने विचारलं होतं, एक दिवस की कायम, आणि खूण आधीच 'कायम'वर होती, आणि तिने होय म्हटलं असणार. संध्याकाळी काढायचा होता. का राहिला? तिने त्या संध्याकाळी काहीतरी मोठं घडलेलं शोधून पाहिलं. कोणी आजारी होतं का, कोणी गेलं का? आई तर त्याच्या तीन वर्षं आधीच गेलेली. काही नव्हतं. त्या दिवशी लाइट गेली नव्हती, पाऊस नव्हता. ती घरी गेली असेल, दही विरजलं असेल. एवढ्या माणसांच्या तोंडावर दार लावून तिने शांतपणे दही विरजलं होतं.

आई. सावित्रीबाई, सरकारी कचेरीत आवक खिडकीवर तीस वर्षं. शाळा सुटल्यावर ज्योत्स्ना तिच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. वर लोकांचे चेहरे दिसायचे नाहीत, फक्त आवाज. अर्ज यायचा, आई त्यावर शिक्का मारायची, धप्प, आणि दुसऱ्या प्रतीवर पुन्हा धप्प, ती माणसाच्या हातात. शिक्का बघितला की लोकांचा आवाज बदलायचा. जमिनीवरून भांडत आलेला माणूससुद्धा जाताना "बरंय बाई, जयभीम" म्हणून जायचा. अर्ज मग कुठे जातो, असं ज्योत्स्नाने एकदा विचारलं. आईने मागच्या कपाटाकडे हनुवटी केली. "आणि तिथून?" आईने शाईची गादी बंद केली. "तिथून पुढे माझं टेबल नाही." पण एका पावसाळ्यात (नववीत होती ती, की दहावीत) आई रात्रीच्या जेवणानंतर पिशवीतून अर्जांचा एक गठ्ठा काढून बसली होती आणि एकेक वाचत होती. नुसती वाचत होती. "काय करतेस?" "बघते, काय म्हणतात ते." त्या वाचण्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. सकाळी गठ्ठा पुन्हा कपाटात. तेव्हा ज्योत्स्नाला आई फार मोठी वाटली होती. आज, चाळिशी ओलांडल्यावर, तिला पहिल्यांदाच वाटलं की त्या अर्जदारांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते.

तिने गुरुवारी आलेली एक प्रतिक्रिया पुन्हा उघडली. ती तिला पाठ होती.

मी हिरामण. आवणी मीच बनवली. घोटीच्या अलीकडं आमचं गाव. दोन वर्सं झाली, इथं कोणी नाव काढलं नाय. पहिल्या दिशी मीच चाळीसदा लिवलं होतं, चुकलं, माफी असावी. पुढचं पीक बनवत होतो, कापणी, झोडणी, समदं. अर्धं झालंय. पण कोणी खेळत नाय असं धरतो आता. रविवारी सांजंला सहाला लिंक काढून टाकीन आन लॅपटॉप कोरा करून भाचीला देईन, तिचं कॉलेज हाय. राग नाय. एकदा विचारतो, कोणी हाय का?

गुरुवारी हे वाचून तिने डबा बंद केला होता. आणि मग, हेच तिला आता सहन होईना, ती वाट बघत बसली होती. शुक्रवार, शनिवार. आता उंट काहीतरी बोलेल. आता भागीबाईंचा नातू ओरडेल, अरे मी आहे ना! कोणी बोललं नाही. उंट खाली येऊन लग्नाच्या फोटोंचा विनोद करून गेला. तिला उंटाचा राग आला होता. हसूही आलं आणि रागही. त्याच्या डोळ्यांसमोर हिरामण नव्हताच, हे तिला माहीत नव्हतं. ज्याच्या-त्याच्या पडद्यावर तो-तो एकटाच होता. सगळ्यांना एका जागी पाहणारं माणूस अख्ख्या जगात एकच होतं आणि ते पोळी खात होतं.

यादव सर दुपारी तीनला आले, हातात केक. केकवर सल्तनतचा घोडा होता, साखरेचा. तिने त्यांना सांगितलं. सगळं नाही, आधी अर्धं. मग त्यांच्या तोंडावर काही दिसेना म्हणून उरलेलंही. "आवणी म्हणजे काय, ते शेतीचं?" "गेम आहे सर." "कोणत्या स्टुडिओचा?" "हिरामणचा." सर हसले, वाईट नाही हसले. "ज्योत्स्ना मॅडम, चूक झाली, होते. उद्या बघू. आज ते अकराशे सोडले तर पहिल्या पानावर 'ताज्या प्रतिक्रिया'च्या रकान्यात धो-धो येतील. घड्याळाच्या शेजारी. आणि त्यात आपल्यालाच जोडे मारलेत, बरोबर ना?" "बऱ्याच ठिकाणी." "मग? उलट जुने थोपवलेले सगळे पुसूनच टाका, जागा मोकळी होईल. कोणाला कळणारही नाही." "त्यांना कळलेलंच नाही काही, तेच तर सर." "मग झालं तर." आणि मग सुरी शोधता शोधता, कोणाला उद्देशून नाही असं, ते म्हणाले की ते लहान असताना पंचवटीत एका पानटपरीमागे नाण्यावर चालणारं एक खोकं होतं, त्यात एक विमान खाली खाली येत राहायचं, आणि त्या गेमचं नाव काय होतं ते त्यांना आजतागायत कुठे सापडलेलं नाही. "शोधलंत?" ज्योत्स्नाने विचारलं. "वेड्या झालात का? वीस वर्षं शोधतोय." सुरी मिळाली. घोड्याचं डोकं पायलच्या वाट्याला आलं.

दोन तास अठ्ठावीस मिनिटं.

सगळे पुसा, होय की नाही, अशी खिडकी तिने उघडून ठेवली होती. होय म्हटलं की काहीच होणार नव्हतं. कोणी ओरडणार नव्हतं, कोणाचं काही हरवणार नव्हतं, कारण कोणाला आपलं काही होतं हे ठाऊकच नव्हतं. प्रत्येकाला आपली ओळ तशीच दिसत राहील. (राहील? की त्यांच्याही पडद्यावरून जाईल? हे तिने पायलला विचारलं नाही.) फक्त तिच्या डब्याच्या वेळी समोर कोणी नसेल. आणि सहाला घोटीच्या अलीकडे एका घरात एक माणूस बोट दाबेल, आणि अर्धी कापणी, अर्धी झोडणी, चिखलातलं खेकड्याचं बीळसुद्धा. उद्या बघू, असं सर म्हणाले होते. उद्या बघायला काय असणार होतं? सोडलं तर चूक पहिल्या पानावर येईल, तारखेसकट, ज्योसकट. नोकरी जाईल का? जाईलही. तिला भीती वाटली, पण त्या भीतीच्या पोटात दुसरंच काही वळवळत होतं, आणि ते काय आहे हे कळायला तिला केकचा तुकडा संपवावा लागला. तिला बघायचं होतं. उंटाने हिरामणला पाहिलं तर तो काय म्हणेल? सातपूर सेकंड शिफ्टला कळलं की उत्तर दिवाळीपासून खाली पडून आहे, तर त्याचा चेहरा कसा होईल? दोन वर्षं ती एका सभेत बसली होती जिथे प्रत्येकजण भिंतीकडे तोंड करून बोलत होता. एकदा त्यांनी वळलेलं तिला बघायचं होतं. बस.

पाच वाजून शेहेचाळीस मिनिटांनी तिने यादीतून शब्द काढला. कारण निवडा, खिडकीने विचारलं.

इतर.

अकराशे त्रेचाळीस प्रतिक्रिया काळ्या झाल्या. आधी काहीच हललं नाही. मग पहिल्या पानावर, उलट्या घड्याळाच्या बाजूला, तो अरुंद रकाना सरकू लागला, सरकतच राहिला, आवणी, आवणी, पाणी टिकत नाही, आवणी, तुम्हाला घोड्याशिवाय काही दिसतं का, आवणीत बेडूक ओरडतो तो आवाज खरा आहे का हो, आवणी. पायल "ओ माय गॉड" म्हणाली आणि खुर्ची ढकलून उभी राहिली. यादव सर आतल्या खोलीतून ओरडले, "मॅडम, काय केलंत हे!" ज्योत्स्नाने ऐकलं. पण तिचं काम संपलं नव्हतं. लिहिणाऱ्याला निरोप जातो तो कोणी त्याला उत्तर दिलं तरच. नुसतं काळं होऊन कोणाला कळणार? उत्तर द्यायला वाचक व्हावं लागतं, आणि सहा वर्षांत तिने इथे स्वतः एक ओळ लिहिलेली नव्हती.

तिने आपला फोन काढला. नाव विचारलं तर ज्योत्स्ना लिहिलं. हिरामणच्या खाली बोट ठेवलं आणि लिहिलं, तांत्रिक कारणामुळे आपली प्रतिक्रिया. पुसलं. आपल्या सूचनेची नोंद. पुसलं, तो आईचा शिक्का होता. "मॅडम!" यादव सर दारात उभे. "दोन मिनिटं, सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका साधा होता की सर खरंच थांबले.

हिरामणभाऊ, आवणी हा शब्द मी अडवून ठेवला होता. माझी चूक. म्हणून कोणाला कोणी दिसत नव्हतं. माणसं खूप आहेत, वर-खाली वाचा. मी गेम खेळलेली नाही, पण मी सगळं वाचलंय. काढू नका.

मग सातपूर सेकंड शिफ्टच्या श्रावणातल्या प्रश्नाखाली: बांधात खेकड्याचं बीळ आहे. चिखलाने बुजवा. हे तुमच्याच खाली भागीबाईंच्या नातवाने दिवाळीत सांगितलंय.

पाठवलं. फोनवर तिच्या दोन्ही ओळी तिला दिसत होत्या, काळ्या, ठसठशीत. मग तिला पायलचं बोलणं आठवलं. लिहिणाऱ्याला तर नेहमीच दिसतं. उंटालाही दिसत होतं. "पायल," ती म्हणाली, "तुझ्या फोनवर बघ. मी दिसते का?" पायलने फोन उघडला. बोट वर नेलं, खाली नेलं. यादव सरही तिच्या खांद्यावरून वाकले, रागात असलेले, ओठाला साखरेचा घोडा लागलेला. "केवढं सरकतंय हे... थांबा ना. हा उंट. उंटाने आत्ता लिहिलंय कोणालातरी, अरे तू पण? कधीपासून? आणि हे गोरक्ष..." "मी," ज्योत्स्ना म्हणाली, "मी आहे का?" घड्याळात सात मिनिटं. सहा मिनिटं एकोणसाठ. पायलचं बोट थांबलं. ती काही बोलायच्या आत ज्योत्स्नाच्या हातातला फोन थरथरला, एकदाच.

ताई, तुमी कोण हाय?